पाच पेट्या कुणी नेल्या?

त्या नाटक कंपनीत सगळे तिला ताई म्हणत. नट म्हणत, मॅनेजर म्हणे, तिकीट खिडकीवरचा माणूस तिच्याहून बारा वर्षांनी मोठा, तोही ताईच म्हणे. एकटा तिचा थोरला भाऊ तेवढा तिला चिमणे म्हणायचा. चिमणी एक्कावन्न वर्षांची झाली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी त्यानं ते सोडलं नव्हतं. ताईचं काम प्रॉम्प्टिंगचं. डाव्या विंगेत, पडद्याच्या दोऱ्यांपाशी एक स्टूल, मांडीवर वही, नाकावर चष्मा, आणि रंगमंचावर कुणी अडखळला की पुढचा शब्द हळूच त्याच्या कानात सोडायचा. सव्वीस वर्षं तिनं हेच केलं. टाळ्या त्यांना, पाठदुखी हिला.

भाऊ म्हणजे कंपनीचा मुख्य नट. त्याला तर कुणी नावानं हाक मारतच नसे. डॉक्टरपासून न्हाव्यापर्यंत सगळ्यांचा तो कॅप्टन. कारण कंपनीचं हुकमाचं पान म्हणजे एक जुनं नाटक, आणि ते नाटक बेतलेलं एका त्याहून जुन्या कादंबरीवर. साहेबाचं राज्य अर्ध्या जगावर होतं, त्या काळातली कादंबरी. एक गोरा कॅप्टन पाच हमाल आणि पाच पेट्या घेऊन बर्फाच्या डोंगरात शिरतो, कुणी न पाहिलेल्या सरोवराचा नकाशा काढायला. वादळं, दरडी, लांडगे, सगळी सामग्री होती. खिंडीच्या तोंडाशी भित्रे हमाल पळून जातात, कॅप्टन एकटा खिंड ओलांडतो, पलीकडे उभा राहून क्षितिजाकडे हात करतो आणि म्हणतो, “डोंगर माझा झाला.” त्या वाक्याला तीस वर्षं टाळी ठरलेली. खोटं कशाला बोला, दादाचा हात वर गेला की विंगेत ताईच्याही अंगावर काटा यायचा.

पण दिवस कुणासाठी थांबतात? हे नाटक चालायचं शाळांच्या जिवावर, आणि शाळाच नको म्हणायला लागल्या. एका बाईंनी पत्र पाठवलं, फार सभ्य पत्र, की आमची मुलं प्रयोगानंतर विचारतात, हमाल नाटकभर एक शब्दही का बोलत नाहीत, आणि आम्हाला उत्तर देता येत नाही. मॅनेजरनं ते पत्र चार वेळा वाचलं आणि नाटक आजच्या काळासाठी नव्यानं लिहून घ्यायचं ठरवलं. दोन लेखक बोलावले. एकाला कॅप्टनला अंतराळात पाठवायचं होतं. दुसऱ्यानं सहा महिने मागितले आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. तेव्हा ताईनं दारात उभं राहून विचारलं, मी लिहून बघू का? आता यात हसण्यासारखं काय होतं, पण मॅनेजर हसला. मग हसणं आवरून हो म्हणाला, कारण दुसरं होतं कोण? अडला हरी, असं ताई स्वतःच म्हणाली आणि पुढची म्हण गिळून टाकली.

कादंबरी तिला तोंडपाठ होती. तरी रविवारी दुपारी तिनं ती पहिल्यापासून वाचायला घेतली, बोट ठेवून, एकेक ओळ. आणि हमाल पळाले त्याच्या पुढच्या पानावर बोट थांबलं. पळाले ते मोकळ्या हातांनी पळाले, असं लिहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टन खिंडीपलीकडे पेटीवर बसून चहा पितोय. शेजारी बाकीच्या चार पेट्या. ताईनं पान मागे उलटलं, पुढे उलटलं. तीस वर्षं हजारो माणसांनी हे पाहिलं, तिनं स्वतः सव्वीस वर्षं विंगेतून पाहिलं, आणि एकाच्याही डोक्यात आलं नाही की एकटा माणूस पाच पेट्या नेईल कशा?

सोमवारी तिनं मामांना गाठलं. मामा म्हणजे कंपनीचा प्रॉपर्टीवाला, तलवारीपासून चहाच्या कपापर्यंत सगळं सामान ज्याच्या ताब्यात तो. ती म्हणाली, मामा, दुसऱ्या अंकात हमाल पळतात. मग तिसऱ्या अंकाला पेट्या पलीकडे असतात, त्या नेतं कोण?

“मीच नेतो की,” मामा म्हणाले. “दिवे गेले की.”

ताई इतकी हसली, इतकी हसली, की मामांना वाटलं हिचं काहीतरी बिनसलं. पण तिला तिचं नाटक तिथंच सापडलं होतं. तिनं पंचवीस दिवसांत ते लिहून काढलं. तिच्या नाटकात हमाल पळत नाहीत. खिंडीच्या माथ्यावर ते पाचही पेट्या खाली ठेवतात आणि शांतपणे सांगतात, बोली इथपर्यंतची होती, इथून पुढे आमचं कुणी परत आलेलं नाही, तुम्हाला जायचं तर तुम्ही जा. आणि बसतात. कॅप्टन ओरडतो, धमकावतो, आमिष दाखवतो. शेवटी नकाशांची पेटी स्वतः उचलून, एक शब्दही न बोलता, चालू लागतो. पडदा. क्षितिज नाही, हात वर करणं नाही, टाळीचं वाक्य नाही.

मॅनेजरनं वाचलं आणि अट घातली. शाळांच्या शिक्षकांना आणि मुलांना बोलावून दुपारचा एकच प्रयोग करायचा. उभा राहिला तर नाटक ताईचं, पाटीवर नाव तिचं, आणि पुढची नाटकंही तिनंच लिहायची. पडला तर हे नाटकच बंद, आणि ताईनं गुपचूप आपल्या स्टुलावर जाऊन बसायचं. ताईला वाटलं, एक्कावन्नाव्या वर्षी देव दार उघडतोय तेही अर्धंच. पण अर्धं तर अर्धं.

खरा प्रश्न दादाचा होता. वाचनाला तो ताठ बसून होता. शेवटचं पान झालं, बाकीचे उठून गेले, तेव्हा तो म्हणाला, “तीस वर्षं मी हा डोंगर चढतोय. तू मला हमाल केलंस, चिमणे.”

ताईला फार लागलं ते. आई गेल्यावर यानंच तिला वाढवली, यानंच कंपनीत आणली, यानंच तिला ते स्टूल मिळवून दिलं. आपलेच दात, आपलेच ओठ, सांगणार कुणाला? पण तिनं पान बदललं नाही. रडली, स्वयंपाकघरात ओट्याला टेकून भरपूर रडली, आणि दुसऱ्या दिवशी तालमीला वेळेवर हजर झाली.

तालमी सुरू झाल्या आणि तिच्या पायाखालची जमीन सरकायला लागली. दादा वाक्यं बोलायचा, सगळी चोख, पण कोळशाचा हिशेब वाचावा तशी. आणि हमाल? हमालांची बोलणी तिनं जीव ओतून लिहिली होती. पाच तरुण नट घेतले होते, त्यांची म्होरकी एक मुलगी. तिला सगळे बारकी म्हणत, अंगानं खरंच काडी, पण आवाज असा की मागच्या रांगेतला डुलकी घेणारा जागा व्हावा. बारकी बोलायची ते छानच बोलायची, पण ऐकणाऱ्याला वाटायचं, ही उत्तम वक्तृत्व करतेय. डोंगर चढतेय असं काही वाटत नव्हतं. पाचही जण पेट्या पाठीवर घेऊन असे चालायचे जणू सहलीला निघालेत. पेट्या रिकाम्या, दुसरं काय. रंगमंचावरची पेटी रिकामीच असते, बादलीत पाणी नसतं, पत्रावर मजकूर नसतो. वजन नटानं दाखवायचं, हा त्या धंद्याचा नियमच.

आठ दिवस ताई ते बघत राहिली. नवव्या दिवशी उठली आणि मामांना म्हणाली, पेट्या भरा. सेटच्या भिंती मागून दाबून धरायला वाळूच्या पिशव्या असतात, त्या घाला. पेटीत पंचवीस किलो. मामांनी कानांवर हातच ठेवले. पण ताईनं स्वतः पिशवी ओढायला घेतली तेव्हा मुकाट्यानं भरल्या.

बारकीनं पेटी पाठीवर घेतली, पट्टा कपाळाला लावला आणि रंगमंचावरचा लाकडी उतार चढायला लागली. बोलायला तोंड उघडलं आणि तिसऱ्या शब्दाला दम तुटला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तुटला. बिचारी ओशाळली, माफी मागायला लागली. ताई मात्र वही धरून तशीच उभी. तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. चूक बारकीची नव्हती, तिची होती. सव्वीस वर्षं तिच्या कानांवर पडली ती कॅप्टनची वाक्यं. रिकाम्या हातांनी पुढे चालणाऱ्या माणसाची, लांबलचक, डौलदार, ऐसपैस श्वासाची. हमालांसाठी लिहायला बसली तेव्हाही तिच्या पेनातून तीच उतरली होती. तोंड हमालाचं आणि दम कॅप्टनचा.

मग तिनं पेन्सिल घेतली. बारकी चढायची, जिथं दम तुटेल तिथं ताई वाक्य तोडायची. दीड पानाचं भाषण चार ओळींवर आलं. “पाय बघ. दगड हलतोय.” एवढंच. मग चार पावलं. मग, “माझा बाप इथंच राहिला.” मग पुन्हा चार पावलं. पाचही जण चढायला लागले की कुणाचं वाक्य कुणी पुरं करायचं, कुणी नुसताच हुंकार द्यायचा. तिसऱ्या दिवशी तालमीच्या वेळी झाडू मारायला आलेली बाई झाडू धरून तशीच उभी राहिली आणि प्रवेश संपेपर्यंत हलली नाही. ताईला मॅनेजरच्या मतापेक्षा ते मोठं वाटलं.

दादाची पेटी तेवढी रिकामी ठेवायची ठरली. चौसष्ट वर्षांचा माणूस, कंबर नाजूक, वहिनीनं बजावून ठेवलं होतं. नकाशांची पेटी बारकी वाहायची, म्हणून मामांनी तशीच दिसणारी दुसरी बनवली. पहिल्या अंकात भरलेली, मध्यंतरात ती बाजूला करून रिकामी ठेवायची, म्हणजे शेवटी दादाला उचलायला हलकी. रंगीत तालमीला दादानं ती पेटी एका हातानं उचलली, भाजीची पिशवी उचलावी तशी, आणि मुद्दाम झुलवत विंगेत निघून गेला. दोन-तीन जण फिसकन हसले. पंधरा दिवसांची मेहनत एका झोक्यात पाण्यात.

ताई त्याच्या मेकअपच्या खोलीत गेली. कोट काढून तो आरशासमोर बसला होता.

“दादा, तुझी पेटी रिकामी दिसते,” ती म्हणाली.

“रिकामीच आहे.”

“बाकीच्यांच्या नाहीत.”

तो तोंडावरचा रंग पुसायला लागला. तिनंही पुढे ताणलं नाही. घरी येऊन तिनं नवऱ्याला सांगून टाकलं, उद्या सगळं आटोपेल, तू माझ्यासाठी काही बोलू नकोस, नुसता बस. तो बिचारा नुसताच बसला.

प्रयोगाच्या दुपारी थिएटर भरलं. पाच शाळांची मुलं, त्यांचे शिक्षक, पत्र लिहिणाऱ्या त्या बाईही आल्या होत्या. मॅनेजर मागे दाराला टेकून उभा. त्याची एक खोड होती, तो प्रेक्षकांचे खोकले मोजायचा. म्हणे लोक कंटाळले की आधी खोकतात, मग उठतात. ताई तिच्या स्टुलावर. लेखिका झाली म्हणून प्रॉम्प्टिंग काही सुटलं नव्हतं, कारण दुसरं करणार कोण?

पहिला अंक चढत गेला. मुलं आधी पाठीवरच्या पेट्या बघून कुजबुजली, मग कुजबुज थांबली. बारकीचा श्वास शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. दादा चोख होता, तितकाच थंड. मध्यंतर झालं, दुसरा अंक सुरू झाला, हमाल माथ्याकडे निघाले. बारकी नकाशांची पेटी घेऊन आली ती पहिल्यापेक्षा जास्त वाकून. ताईच्या मनात आलं, काय पोरगी आहे, रिकाम्या पेटीलाही किती वजन दाखवतेय.

माथा आला. एकेक पेटी खाली ठेवली गेली. धप्प. धप्प. चौथीही धप्प. मग बारकीनं नकाशांची पेटी उतरवली आणि तीही धप्प वाजली.

रिकामी पेटी अशी वाजत नाही. मामा बदलायला विसरले. समोरच्या विंगेत मामा उभे होते, तिनं हातवारे केले, मामांनी मान फिरवली. दादा तोवर ओरडून झाला होता, धमकावून झाला होता. आता तो पेटीकडे वळला. त्याची कंबर, त्याची वहिनीनं जपलेली कंबर, आणि पंचवीस किलो वाळू, चारशे माणसांसमोर. पडदा पाडायची खूण करायला ताई अर्धी उठली.

दादानं कडीला हात घातला आणि उचलायला गेला. पेटी हलली नाही. त्यानं पाय रोवले, दोन्ही हातांनी धरली. बोटभर उचलली गेली आणि हातातून सुटून खाली आदळली. मुलं हसली, थोडीशीच. तिसऱ्यांदा तो वाकला तेव्हा कुणी हसलं नाही. मग कॅप्टन त्या पेटीशेजारी खाली बसला. धापा टाकत होता, आणि तो अभिनय नव्हता.

दादा गप्प बसला की शब्द पुरवायचा ही सव्वीस वर्षांची सवय, ताईचे ओठ आपोआप उघडले. पण वहीत तिथं वाक्यच नव्हतं. तिनंच ठेवलं नव्हतं. तिनं तोंड मिटलं आणि स्टूल घट्ट धरून बसली.

दादानं मान वर करून बारकीकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

“हे घेऊन तू बोलत होतीस?” तो म्हणाला.

हे वाक्य कुठल्याच वहीत नव्हतं. बारकीच्यानं राहवलं नाही, की पोरीत उपजतच ते होतं, कोण जाणे. ती म्हणाली, “बोलत होते. तुम्ही पुढे होतात.”

दादा उठला. त्यानं पेटी उचलायचा नाद सोडला, डाव्या विंगेकडे पाठ केली, कडी दोन्ही हातांत धरली आणि पेटी ओढायला लागला. इंच इंच. लाकडावर पेटी खरखरत होती. टोपी पडली, ती त्यानं उचलली नाही. पाचही हमाल बसल्या जागेवरून त्याच्याकडे बघत होते आणि तो एकटा एवढा मोठा रंगमंच मागे मागे सरकत पार करत होता. मध्येच कुणीतरी एक टाळी वाजवली. मग दहा वाजल्या. मग अख्खं थिएटर कडाडलं, आणि दादा त्या आवाजातून ओढत ओढत डाव्या विंगेत आला, थेट ताईच्या स्टुलापाशी, आणि तिथं त्याचे पाय गेले.

ताई त्याला धरायला धावली. रडत होती, रागावलेली होती, मामांना शिव्या घालत होती. दादानं तिचं मनगट धरलं.

“मामांना काही बोलू नकोस. मीच भरायला लावली,” तो म्हणाला. “काल सगळे गेल्यावर पोरीची पेटी उचलून बघितली. नाही उचलता आली.” पुन्हा दम घेतला. “आत्ता बोललो ते लिहून घे, चिमणे. उद्या विसरलो तर तुलाच सांगावं लागेल.”

तिनं लिहून घेतलं. डोळ्यांतल्या पाण्यानं अक्षर दिसत नव्हतं, तरी लिहिलं, दादाचं वाक्य आणि खाली बारकीचं.

पडदा पुन्हा वर गेला. नट रांगेत उभे राहिले, पण टाळ्या थांबेनात. मॅनेजर मागून धावत विंगेत आला, घामाघूम, आणि एकही खोकला नाही, एकही नाही, एवढंच म्हणत राहिला. दादानं कंबरेवर एक हात ठेवला, दुसऱ्या हातानं ताईला स्टुलावरून उठवलं आणि ओढलं. ती नको नको म्हणत होती, पायात घरची चप्पल होती, चष्मा कपाळावर. सव्वीस वर्षांत ती कधी त्या दिव्यांपुढे उभी राहिली नव्हती. समोर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसता उजेड आणि त्यापलीकडे गडगडाट.

दादानं हात वर केला. सगळे गप्प झाले.

“ही माझी धाकटी बहीण,” तो म्हणाला. “हे नाटक हिनं लिहिलंय. मी नको म्हणत होतो.”

मग बसलेली माणसं उठून उभी राहिली. आधी त्या पत्र लिहिणाऱ्या बाई, मग त्यांची मुलं, मग सगळ्या रांगा. ताईनं चष्मा डोळ्यांवर ओढला आणि त्यांच्याकडे बघून मनसोक्त रडली.